वर म्हणजे हो

फ्रेमवाल्याने लग्नापासून बायकोचं एक वाक्य काही पुरं होऊ दिलं नाही. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. ती लहानपणापासून बोलताना अडखळायची. एखादं अक्षर जिभेला चिकटलं की सुटता सुटायचं नाही, मान ताठ व्हायची, डोळे घट्ट मिटले जायचे आणि समोरचा माणूस उगाच छताकडे बघायला लागायचा. फ्रेमवाल्याला तिची ती तगमग बघवायची नाही. मग तो झटकन पुढे व्हायचा आणि उरलेला शब्द स्वतःच बोलून टाकायचा, जड पिशवीचा दुसरा बंद आपण धरावा तसा.

"पहिल्या भेटीत मी माझं न-नाव सांगायला लागले, तर तेही पुरं केलं..." असं ती लोकांना सांगायला लागायची आणि "यांनी" हा शेवटचा शब्द तोच म्हणून मोकळा व्हायचा. लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची.

कधीकधी ती त्याला मुद्दाम फसवायची. पाहुण्यांसमोर "आता ज-ज-" करून थांबायची. हा लगेच म्हणायचा, "जेवायला बसू या." मग ती डोळे मिचकावून म्हणायची, "ज-जरा चहा टाकते." मुलगी टाळ्या पिटायची, बाबा हरले, बाबा हरले. मुलगी एकुलती एक. आता ती बापापेक्षा वीतभर उंच होती, दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवत होती, तरी घरात तिचं नाव छोटीच राहिलं होतं.

दुकान खाली, घर वर. दुकानात बोलायचं काम त्याचं. फोटो घेऊन कोणी आलं की तो पट्ट्यांचे नमुने काउंटरवर पसरायचा, ही सोनेरी बघा, ही काळी जरा शोभून दिसेल, आजोबांचा फोटो आहे तर साधी लाकडीच घ्या. मागच्या टेबलावर बायको काम करायची. पट्टीचे कोपरे तिरके कापून जुळवायचे, फोटोभोवतीचा पुठ्ठा कापायचा, काच कापायची. काचेवर कापायची कलम एकदाच आणि न थांबता फिरवावी लागते. मध्ये हात अडला की काच तिला वाटेल तिथून फुटते. बोलताना पावलापावलावर अडणाऱ्या त्या बाईचा हात काचेवर कधी अडला नव्हता. "माझी जीभ तिच्या हाताला जोडली असती ना, तर आम्ही राज्य केलं असतं," असं फ्रेमवाला गिऱ्हाइकांना सांगायचा.

त्या दिवशी सकाळपासून तिला उचकी लागली होती. पाणी पिऊन झालं, साखर खाऊन झाली, श्वास रोखून झाला. उचकी जाईना.

"कोण बाई तुझी एवढी आठवण काढतंय?" तो म्हणाला. मग त्याने छोटीला फोन लावला. "काय गं, आईची इतकी आठवण येते तर येऊन जा की. इथे तिला सकाळपासून उचकी लावून ठेवली आहेस."

"मी वर्गावर आहे बाबा," छोटी हसून म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुपारी एका शाळेच्या शिक्षकांचा मोठा फोटो फ्रेम करायचा होता. मागून काच तडकल्याचा आवाज आला. फ्रेमवाल्याने वळून पाहिलं. काच वाकडीतिकडी फुटली होती. बायकोने दुसरी काच घेतली, मोजपट्टी लावली, एक डोळा मिटून बघितलं, कलम फिरवली. तीही वाकडी गेली. अशा दोन काचा लागोपाठ तिच्या हातून कधी वाया गेल्या नव्हत्या. तिने टेबलाची कड घट्ट धरली, मोजपट्टीवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "द... द-द..."

"दमली आहेस," तो म्हणाला. "काम कुठे पळून जातंय? वर जाऊन पड जरा."

तिने पुन्हा तोंड उघडलं, पण मग हात झटकून ते सोडून दिलं आणि भिंतीला धरून जिना चढली. संध्याकाळी तिने काही खाल्लं नाही. चक्कर येते म्हणाली. बोलणं थोडं जड वाटत होतं, पण तिचं बोलणं काय, कधी सरळ होतं? पित्त झालं असेल म्हणून फ्रेमवाल्याने तिला पित्ताची गोळी दिली आणि पायावर पांघरूण घातलं.

सकाळी ती पलंगाच्या कडेला उठून बसली आणि तशीच घसरून खाली आली. डोळे उघडे होते. हाक मारली, हलवलं, पाणी शिंपडलं, पण हूं नाही की चूं नाही. शेजारच्या शिंप्याच्या मदतीने त्याने तिला खाली आणलं. रुग्णवाहिकेत तो सारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. तोंड सुरुवातच करत नव्हतं, त्यामुळे त्याला पुढचं काही बोलता येत नव्हतं.

मेंदूची डॉक्टर बुटकीशी, तुटक बोलणारी बाई होती. बरेच तास गेल्यावर ती बाहेर आली आणि बाकावर त्याच्या शेजारीच बसली. तोवर छोटीही येऊन पोचली होती.

डॉक्टरीणबाईंनी आपली मूठ वळून त्या दोघांसमोर धरली. "ही मूठ म्हणजे मेंदू समजा. आणि हे मनगट म्हणजे मेंदूचा देठ. विचार, आठवणी, माणसांची ओळख, सगळं मुठीत असतं. पण मुठीतून अंगाला जाणारा प्रत्येक हुकूम या मनगटातून जातो. रस्ता एकच आणि तोही चिंचोळा. तिथल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. गुठळी आम्ही काढली, पण तोवर रस्ता खचला होता."

"म्हणजे तिला काही कळत नाही?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"उलट आहे. त्यांना सगळं कळतंय. सगळं ऐकू येतंय. फक्त बाहेर काही येऊ शकत नाही." मग त्यांनी विचारलं, "झटक्याच्या आधी काही झालं होतं का? चक्कर, उचक्या?"

"उचकी होती. चक्करही होती."

"बोलणं जड झालं होतं?"

"बोलायला ती आधीपासूनच अडखळते."

"आणि एकाच्या दोन वस्तू दिसणं?"

फ्रेमवाल्याच्या डोळ्यांसमोर मोजपट्टीवर टेकलेलं तिचं बोट आलं. द, द-द. ती दमली नव्हती. तिला दोन दिसत होतं. एका रेषेच्या दोन रेषा, आणि त्यातली खरी कोणती ते तिला कळत नव्हतं. हेच ती सांगत होती आणि त्याने तो शब्द तिच्या तोंडून काढून घेऊन दुसराच पुरा केला होता.

"या जागेचा झटका भल्याभल्यांना ओळखू येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुष्कळदा सुरुवातीला तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही. लोकांना वाटतं पित्त झालं, नाहीतर कान बिघडला म्हणून चक्कर येते." हे त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं की सगळ्यांनाच म्हणतात तसं म्हटलं, ते त्याला कळलं नाही. कळूनही उपयोग नव्हता.

आत ती नळ्यांमध्ये पडून होती. छाती यंत्राबरोबर वरखाली होत होती. डॉक्टरीणबाई तिच्यावर वाकून म्हणाल्या, "मी तुमची डॉक्टर. ऐकू येत असेल तर वर बघा."

तिची बुबुळं वर गेली.

"आता खाली."

बुबुळं खाली आली.

"छान. यापुढे वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. तुमचे मिस्टर आले आहेत. त्यांना भेटायचंय?"

डोळे वर गेले आणि तिथेच राहिले. फ्रेमवाल्याने पलंगाची दांडी धरली. आयुष्यभर तोंडात मावत नव्हतं एवढं बोलणारा माणूस, त्याला "अगं" एवढंच म्हणता आलं.

काही आठवड्यांनी गळ्याला भोक पाडून तिथून श्वासाची नळी बसवली आणि यंत्र निघालं. जेवण पोटातल्या नळीतून जायला लागलं. मग एक तरुण बाई आली, वाचा गेलेल्या लोकांना बोलतं करायचं तिचं काम. तिच्या हातात एक मोठा पारदर्शक बोर्ड होता आणि त्यावर मुळाक्षरं ओळीओळीने लिहिलेली. घरात तिचं नाव पाटीवाली ताई पडलं.

"आधी ओळ विचारायची," ताईने समजावलं. "स्वरांची? क-ची? च-ची? त्या वर बघतील ती ओळ. मग ओळीतलं अक्षर. मग काना, मात्रा, वेलांटी, उकार. घाई करायची नाही, काका."

पहिल्याच शब्दाला क आला. फ्रेमवाला पुढे सरसावला. "कंटाळा आलाय?" डोळे खाली. "कपाळ दुखतंय?" खाली. "काळजी वाटते? कान? कोणाला बोलवू का?" खाली, खाली, खाली. मग तिने डोळे मिटूनच घेतले. तो राग होता. इतक्या वर्षांच्या संसारात हा राग त्याला नीट ओळखीचा होता.

"काका," पाटीवाली ताई म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसता का?"

क-ला दीर्घ उकार लागला. मग शेवटच्या ओळीतला स. कूस. तिला कूस बदलून हवी होती. सकाळपासून ती एकाच अंगावर पडून होती, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं, हलत नसलं तरी अंग दुखल्याचं तिला सगळं कळत होतं.

तो गप्प बसायला शिकला. सोपं गेलं नाही. ओठांवर दात रोवून तो बोर्ड धरायचा आणि ओळी वाचायचा. हळूहळू त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती लक्षात आली तेव्हा तो बोर्ड घेऊन बाहेर जिन्यात जाऊन रडला. पाटीवर ती अडखळत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिची वाक्यं अख्खी बाहेर येत होती, शेवटच्या अक्षरापर्यंत.

आणि काय काय बोलायची ती! "दाढी कर, रुग्ण कोण ते कळत नाही," असं एकदा म्हणाली, तेव्हा सिस्टरसुद्धा खळखळून हसली. छोटीला म्हणाली, "बापाला भाजी शिकव." शेजारच्या पलंगावरच्या बाईचा नवरा मोठमोठ्याने फोनवर बोलायचा, त्याच्याबद्दल जे म्हणाली ते छोटीने वाचलं आणि बोर्ड पटकन उलटा केला. एक वाक्य म्हणजे अर्धा तास. पण फ्रेमवाला आता त्या अर्ध्या तासासाठीच जगत होता. सकाळी दुकान उघडायचा, काचेचं काम दुसरीकडून करून आणायचा आणि चारच्या सुमाराला कुलूप लावून दवाखान्यात पोचायचा.

एकदा धीर करून त्याने विचारलं. "त्या दिवशी तू दोन म्हणत होतीस ना? दोन दिसतंय, असं?"

डोळे वर गेले.

त्याने बोर्ड मांडीवर ठेवला. "मी मेलो का नाही," तो म्हणाला. "मला ऐकून घेता आलं नाही. एवढा एक शब्द."

ती बोर्डाकडे बघत राहिली. त्याला कळलं, तिला बोलायचंय. तो ओळी वाचायला लागला. मध्येच त्याने बोर्ड दोनदा खाली ठेवला. ती म्हणाली, "मीही पुन्हा बोलले नाही."

यात त्याची सुटका होती की नव्हती, हे त्याला आयुष्यभर ठरवता आलं नाही. पुन्हा का बोलली नाही, हे त्याने विचारलं नाही. ते त्याला ठाऊक होतं. बोलून काय उपयोग, पुढचं कोणीतरी पुरं करणारच, याची तिला सवय लागली होती.

नंतर छातीत कफ साठायला लागला. गिळता येत नाही, खोकता येत नाही, त्यामुळे लाळ फुप्फुसात उतरते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ताप आला, पुन्हा यंत्र लागलं, ताप उतरला, यंत्र निघालं. परत ताप आला. दर खेपेला ती थोडी कमी होऊन परत यायची. गाल बसले. डोळे मात्र तसेच, किंबहुना मोठेच दिसायचे.

दुसऱ्या तापानंतर यंत्र निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने बोर्डाकडे बघितलं. छोटी खिडकीशी उभी होती. फ्रेमवाल्याने ओळी विचारल्या. त-च्या ओळीला डोळे वर गेले. त, थ, द, ध. न-ला पुन्हा वर.

न.

त्याला कळलं. एका अक्षरात कळलं. तिचा चेहरा वाचत आयुष्य गेलं होतं त्याचं. पुढचं अक्षर कोणतं, त्याला काय लागणार, सगळं त्याच्या जिभेवर येऊन बसलं. आणि ज्या माणसाने तिचा एक शब्द कधी पुरा होऊ दिला नव्हता, तो आता हा शब्द पुरा होऊ नये म्हणून सावकाश, अगदी सावकाश ओळी वाचायला लागला. स्वरांची ओळ त्याने दोनदा विचारली. क-ची ओळ सोडून च-च्या ओळीवर उगाच रेंगाळला. ती वाट बघत राहिली. शेवटी क आला. मग काना, मात्रा.

"नको," छोटीने मागून वाचलं. "काय नको, आई?"

फ्रेमवाल्यालाच विचारावं लागलं. "मशीन?"

डोळे वर.

"पुन्हा ताप आला तरी?"

वर.

छोटी तरातरा पुढे आली. "बाबा, तुम्ही तिच्या तोंडी शब्द घालताय."

"अगं, मी फक्त विचारलं..."

"मशीन कोण म्हणालं? ती म्हणाली? तुम्ही म्हणालात! आयुष्यभर तेच केलंत तुम्ही. तिला काय म्हणायचंय ते तुम्ही ठरवायचं आणि तिने मान हलवायची! आता तर बिचारीला मानही नाही!" तिचा आवाज सबंध वॉर्डात गेला. सिस्टर दारात येऊन उभी राहिली.

त्यातला एकही शब्द फ्रेमवाल्याला खोटा म्हणता येत नव्हता. त्याने बोर्ड छोटीच्या हातात दिला आणि तो बाहेर गेला.

बाहेर बाकावर एक म्हातारा संत्रं सोलत बसला होता. त्याने अर्धं पुढे केलं. फ्रेमवाल्याने ते घेतलं आणि हातात धरून ठेवलं. आतून छोटीचा आवाज येत होता, ओळी वाचणारा, आधी खणखणीत, मास्तरणीचा. प-ची ओळ? प? उकार? मग थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण आता इतका बारीक की अक्षरं ऐकू येईनात.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. बोर्ड तिने छातीशी धरला होता.

"पुरे म्हणाली," ती म्हणाली. "मी काहीच विचारलं नव्हतं बाबा. मी नुसत्या ओळी वाचत होते. पुरे, छोटी. एवढंच म्हणाली."

त्याने तिला जवळ घेतलं. ती उंच, तिला वाकावं लागलं. रडता रडता ती म्हणाली, "मला वाटलं होतं माझ्याशी वेगळं बोलेल."

डॉक्टरीणबाईंनी त्यानंतर तीच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, उलटसुलट करून विचारली. मशीन हवं का? खाली. मशीन नको का? वर. घरी जायचं का? यावर डोळे इतके झरकन वर गेले की विचारणारीच गांगरली.

घरी आणलं. दुकानावरच्या खोलीत पलंग खिडकीपाशी सरकवला. छोटीने शाळेतून रजा काढली. कफ ओढायचं यंत्र, ऑक्सिजनची टाकी, पोटातल्या नळीतून द्यायचं पातळ जेवण, सगळं दोघं शिकली. छोटीशी ती जास्त बोलायची आता. मायलेकींचं काय चालायचं ते फ्रेमवाल्याला जिन्यातून ऐकू यायचं: छोटीच्या लहानपणीच्या खोड्या, कोणाचं लग्न कसं मोडलं, छोटीच्या शाळेतला तो विज्ञानाचा सर बरा आहे का. मधूनच छोटी ओरडायची, "आई, तू गप्प बस हं!" आणि मग दोघींचंही हसू त्याला ऐकू आल्यासारखं वाटायचं, एकीचंच येत असूनही.

मग ताप आला. कोणी दवाखान्याचं नाव काढलं नाही. डॉक्टरीणबाईंनी श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषध पाठवलं आणि फोनवर सांगितलं, तिच्याजवळ बसा, हात धरा, स्पर्श तिला कळतो. फ्रेमवाला दिवसभर हात धरून बसायचा. त्या हाताच्या बोटांवर काचेच्या जुन्या बारीक खुणा होत्या. त्याला वाटायचं, शेवटी ती आपल्याला काहीतरी सांगेल. तो बोर्ड उशाशीच ठेवायचा. ती बोर्डाकडे बघायची नाही. त्याच्याकडे बघायची.

दुपारी टेम्पो आला. महिन्यापूर्वी मागवलेल्या पट्ट्या होत्या. "तुम्ही जा, मी आहे," छोटी म्हणाली. तो उतरला. गठ्ठे मोजून घेतले, एका गठ्ठ्याचे कोपरे चेपले होते त्यावरून टेम्पोवाल्याशी दोन शब्द झाले. तेवढ्यात वरून हाक आली. नुसतं "बाबा". त्यातच सगळं होतं.

तो वर पोचला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. किती दिवसांनी ते डोळे काही सांगायच्या तयारीत नव्हते. छोटी पलंगाशेजारी जमिनीवर बसली होती, बोर्ड मांडीवर.

त्याने विचारलं, "काही म्हणाली?"

छोटीने मान हलवली. हो म्हणून.

"काय?"

"पंखा कमी कर."

मग त्याने पुन्हा विचारलं, "आणखी?"

"आणखी काही नाही बाबा. मी उठून पंखा कमी केला. परत आले तोवर..."

ती थांबली. तिला पुढे बोलता येईना. फ्रेमवाल्याने ते वाक्य पुरं केलं नाही.

वर पंखा संथ फिरत होता. त्याने जाऊन तो बंद केला. मग पायाशी घडी केलेली चादर उलगडून तिच्या खांद्यापर्यंत ओढली, गळ्यातली नळी झाकली जाणार नाही अशी, सवयीने. खालून टेम्पोवाला हाका मारत होता, पट्ट्या आत ठेवू की बाहेरच, ओ काका, आत ठेवू का?